अब्बांचं ‘बघू’

माझे वडील आयुष्यभर नाकानं निर्णय घेत आले. हे मी थट्टेनं म्हणत नाही. वडगाव निंबाळकरच्या पुढं आमचं गाव, आणि गावातल्या दूध डेअरीवर सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचं काम अब्बांचं. शेतकऱ्यानं किटली पुढं केली की अब्बा झाकण उचलायचे, झाकणाची आतली बाजू नाकाशी न्यायचे आणि झाकण खाली यायच्या आत म्हणायचे, “ओत” किंवा “न्हाय.” तिसरा शब्द त्यांच्याकडं नव्हता. पुढं फॅटचं मशीन आलं, त्यावर आकडे उमटायला लागले, तरी रांगेतली माणसं आकड्यांकडं नाही, अब्बांच्या नाकाकडं बघायची.

गावात सगळेच त्यांना चाचा म्हणत. सत्तरी ओलांडलेले तात्यासुद्धा. झाकण हुंगून अब्बा एखाद्या बाईला म्हणायचे, “म्हशीला कांद्याची पात घातली वाटतं,” आणि ती तोंडाला पदर लावून हसायची, कारण घातलेली असायचीच. एकदा एका आबांना त्यांनी सांगितलं, “आबा, गाईची कास बघा. एक सड दुखत असंल तिचा. कुठला ते तुमी बघा.” आबा चिडले, किटली उचलून चालते झाले. तिसऱ्या दिवशी जनावरांचा डॉक्टर त्यांच्या गोठ्यात उभा होता. त्यानंतर आबा गावभर सांगत फिरायचे की चाचाला देवानं नाक दिलं नाही, दुर्बीण दिली.

मी लहानपणी डेअरीच्या ओट्यावर बसून हे बघायची. एकदा विचारलं, “अब्बा, कसं कळतं?”

“कळतं.”

“पण कसं?”

“आधी कळतं. कसं ते मागनं सांगतो.”

मागनं त्यांनी कधीच सांगितलं नाही. पुढं बारामतीला बी.एस्सी. करताना मी वाचलं की माणसाचा मेंदू पुष्कळदा असाच चालतो. आधी ठरवून मोकळा होतो आणि कारणं मागाहून गोळा करतो. आपल्याला मात्र वाटत राहतं की आपण विचार करून ठरवलं. वासाची वाट तर मेंदूत फार जवळची, हेही वाचलं. मला त्या दिवशी भलताच आनंद झाला होता. दहावी नापास झालेला माझा बाप पुस्तकात सापडला होता.

घरातलंही सगळं असंच ठरायचं. दहावीनंतर चुलते म्हणाले, पोरीला शिवणकाम शिकवा. अब्बा जेवत होते. “सायन्सला घालायची,” म्हणाले आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. माझ्या लग्नाच्या वेळी एक स्थळ मोटारीतून आलं होतं. माणसं गोड बोलत होती. ती फाटकाबाहेर पडली आणि अब्बा म्हणाले, “न्हाय.” अम्मीनं कारण विचारलं. “मागनं सांगतो.” लासुर्ण्याची मंडळी एसटीनं आली, चपला नीट कडेला काढून बसली, आणि चहा व्हायच्या आत अब्बांनी होकार देऊन टाकला. “ओत म्हणायचं तेवढं राहिलं,” अम्मी नंतर म्हणाली. ते घर मला चांगलं लाभलं. लासुर्ण्याजवळच्याच हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवते, म्हणजे माझा संसार आणि माझी नोकरी दोन्ही अब्बांच्या दोन क्षणांतून आलेली आहेत. मला स्वतःला काही ठरवायची वेळ फारशी आलीच नाही, आणि त्याचं मला बरंच वाटायचं. आज वाटत नाही.

एका उन्हाळ्यात डेअरीची अख्खी टाकी नासली. सकाळच्या दुधात कुणाची तरी आंबलेली किटली गेली होती आणि अब्बांनी तिला “ओत” म्हटलं होतं. असं कधीच झालं नव्हतं. सगळ्यांनी मिळून कारण काढलं, उन्हाळा. अब्बा मात्र घरी येऊन अम्मीला म्हणाले, “मला वासच आला न्हाय.” अम्मीनं रात्रीसाठी ओव्याची पुरचुंडी करून दिली. गावातल्या डॉक्टरांनी जुनी सर्दी म्हणून गोळ्या दिल्या. मी फोनवर वाफ घ्यायला सांगितली. विज्ञानाच्या शिक्षिकेनं वाफ सांगितली म्हणजे ती शास्त्रीय असणार, म्हणून त्यांनी महिनाभर घेतली.

वास परत आला नाही, आणि अब्बांनी तो आला नाही असं परत कुणाला सांगितलंही नाही. ते झाकण उचलत, नाकाशी नेत, आणि आता दुधाऐवजी आणणाऱ्याचं तोंड बघत. माणूस ओशाळलेला दिसला तर परत पाठवत. वर्षभर त्यांनी असं निभावलं. मी सुट्टीत गेले तेव्हा डेअरीवर बसून हे पाहिलं होतं. झाकण आता नाकाशी जरा जास्त वेळ थांबतंय, हे मला दिसलं. मला वाटलं, वयाबरोबर अब्बा शांत झाले.

मग ‘बघू’ आलं.

आमच्या भागात ‘बघू’ हा साधा शब्द नाही. नाही म्हणायचं नसतं तेव्हा बघू, आणि हो म्हणायचं नसतं तेव्हाही बघू. मुलगी पाहायला आलेले निघताना बघू म्हणतात. रस्ता मागायला गेलेल्या गावाला पुढारी बघू म्हणतात, आणि गाव खूश होऊन परत येतं, कारण साहेबांनी नाही तर म्हटलं नाही ना. ज्याच्या तोंडून बघू निघतं तो पोक्त, दहा बाजूंनी विचार करणारा. जो फटकन हो-नाही सांगतो तो उथळ तरी असतो नाहीतर गरजू तरी. अब्बा आयुष्यभर फटकन सांगत आले होते, म्हणून लोक त्यांच्या नाकाला मान द्यायचे, पण त्यांना स्वतःला ओट्यावरच बसवायचे. ते ‘बघू’ म्हणायला लागले आणि त्यांना आत खुर्ची मिळाली.

बांधावरून दोघांची भांडणं लागली की दोघंही अब्बांकडं यायला लागले. अब्बा दोघांचं ऐकून घेत. ऐकून घेत म्हणजे समोर बसून असत. शेवटी म्हणत, “बघू.” दोघांनाही वाटे, चाचा आपल्या बाजूनं आहे. डेअरीच्या निवडणुकीत दोन गट होते आणि एका गटाला चालणारा माणूस दुसऱ्याला चालत नव्हता. चाचाला कुणाचीच हरकत नव्हती, कारण चाचाची कशालाच हरकत नव्हती. अब्बा बिनविरोध संचालक झाले आणि त्याच आठवड्यात बिनविरोध चेअरमन. बिनविरोध या शब्दाचं आमच्याकडं फार कौतुक आहे. दुसऱ्या एखाद्या मुलखात माणूस वर्ष-दीड वर्ष नुसतं ‘बघू’ म्हणत राहिला असता तर त्याला दवाखान्यात नेलं असतं. आम्ही त्याला चेअरमन केलं.

सत्काराला मी लासुर्ण्याहून गेले होते. अब्बांना फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ दिला. सत्काराला उत्तर द्यायला ते माईकपुढं उभे राहिले. कितीतरी वेळ गप्पच. मंडप शांत झाला. मग ते म्हणाले, “बघू.” आणि जागेवर येऊन बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारचे तात्या माझ्याकडं वळून म्हणाले, “पोरी, लई पोचलेला माणूस हाय तुझा बाप. एका शब्दात सगळं आलं की.” माझे डोळे भरून आले होते. मी मोबाईलवर फोटो काढला. तो फोटो अजून माझ्याकडं आहे. त्यात अब्बांच्या तोंडावर काहीच नाही. आनंद नाही, संकोच नाही, काही नाही. मला त्या दिवशी ते वैराग्य वाटलं.

घरी येईपर्यंत नारळ त्यांच्या हातातच होता. जीपमध्ये, दारात, पलंगावर बसल्यावरसुद्धा. अम्मीनं तो हातातून काढून घेतला आणि आम्ही सगळे हसलो. अब्बाही आमच्याकडं बघून हसले, जरा उशिरा.

त्या रमजानात मी दोन दिवस माहेरी होते. मगरिबची अजान झाली. सगळ्यांनी रोजा सोडला. अब्बांच्या हातात खजूर होता आणि तो तिथंच होता. अम्मी म्हणाली, “खा की.” मग त्यांनी खाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. भाई, म्हणजे माझा थोरला भाऊ, मला हळूच म्हणाला, “अब्बांची इबादत वाढलीय.” मी मान हलवली. आणखी एकदा मी त्यांना दारात उभं पाहिलं, एका पायात चप्पल, दुसरी समोर पडलेली. किती वेळ उभे होते देव जाणे. मी चप्पल पायाशी सरकवली आणि ते चालायला लागले. मला तेव्हा आत कुठंतरी काहीतरी टोचलं होतं. मी ते टोचणं जागच्या जागी मिटवलं. माणसाचा मेंदू सवयीचं तेच बघतो. अनोळखी काही समोर आलं की त्याला ओळखीचं नाव देऊन मोकळा होतो. थकवा, वय, इबादत, मोठेपणा. माझ्याकडं नावांचा तोटा नव्हता.

आणि याच काळात मी नववीला मेंदू शिकवत होते. ही गोष्ट मी आजवर नवऱ्यालाही धड सांगितलेली नाही. फळ्यावर मेंदूची आकृती काढली. मागचा भाग रंगवला, तोलाचा. वरचा रंगवला, मोठा. मग कपाळाच्या मागच्या भागावर लाल खडू घासला आणि म्हणाले, “इथं माणूस ठरवतो. उठायचं का बसायचं, हो म्हणायचं का नाही म्हणायचं. हा भाग नसता ना, तर तुम्ही सगळे तुमच्या गावच्या चेअरमनसारखे नुसते ‘बघू, बघू’ करत बसला असता.” वर्ग खो खो हसला. मीही हसले. विनोद चांगला जमला म्हणून तोच मी दुसऱ्या तुकडीवरही केला. हातात खडू, फळ्यावर लाल डाग, आणि माझा बाप चेअरमन. दोन तुकड्यांत मिळून एकदाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

पुढच्या मे महिन्यात अब्बा डेअरीसमोर लिंबाखाली खुर्चीवर बसले होते. मीटिंग रद्द झाली होती. बाकीचे घरी गेले. सावली सरकत सरकत खुर्चीवरून निघून गेली आणि अब्बा उन्हात राहिले. अकरापासून चारपर्यंत. रस्त्यानं जाणारे नमस्कार करून जात होते. एक बाई थांबली आणि म्हणाली, “चाचा, ऊन आलंय, सावलीत सरा.” अब्बा म्हणाले, “बघू.” तिनं नंतर मला रडत सांगितलं, “मला वाटलं, कसल्या तरी इचारात हायती. मोठ्या माणसाला दोनदा कसं सांगायचं?” तिला मी काय बोलणार? तिनं एकदा तरी सांगितलं होतं.

चारच्या सुमारास ते खुर्चीवरून घसरले. भाईनं टेम्पोत घालून बारामतीला नेलं. मी लासुर्ण्याहून थेट दवाखान्यात पोचले. ऊन उतरलं, सलाईननं तोंडावर तजेला आला, तरी तिथल्या डॉक्टरांना काहीतरी खटकलं. त्यांनी अब्बांना दहा-बारा प्रश्न विचारले, डोळ्यांपुढं बोट हलवलं आणि मेंदूचा फोटो काढायला पाठवलं. संध्याकाळी त्यांनी मला आणि भाईला आत बोलावलं. काचेवर फिल्म लावलेली होती. कपाळाच्या मागं, नाकाच्या वर, लिंबाएवढा पांढरा गोळा. मी फळ्यावर खडू घासला होता बरोबर तिथंच.

“यांना वास येणं कधी बंद झालं?” डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला.

मी बोटांवर वर्षं मोजली. चार.

“ही कर्करोगाची गाठ नाही,” ते म्हणाले. “साधी आहे, पण फार सावकाश वाढते. आधी वास जातो. मग हळूहळू माणूस आपणहून काही करेनासा होतो. बोलतो, ओळखतो, आठवतं सगळं, पण कशाला सुरुवातच करत नाही. घरच्यांना वाटतं, वय झालं.”

“आम्हाला वाटलं, ते मोठे झाले,” मी म्हणाले. डॉक्टरांना ते कळलं नाही. भाईला कळलं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गाठ काढावी लागेल, पुण्याला न्यावं लागेल, आणि फार थांबू नका. मेंदूचा तो भाग किती दबलाय आणि त्यातला किती परत कामाला लागेल हे काढल्यावरच कळेल. पण जितके दिवस जातील तितका तो कमी परत येईल. मग ते बाहेर आले, अब्बांच्या खाटेशी बसले आणि अदबीनं विचारलं, “चाचा, डोक्यात गाठ आहे. ऑपरेशन करून काढायची. करायचं ना?”

अब्बा म्हणाले, “बघू.”

इथून पुढचं सांगायची मला लाज वाटते, पण ते नाही सांगितलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. आम्ही त्यांना घरी आणलं आणि आम्ही त्यांच्या होकाराची वाट बघायला लागलो. पाच महिने.

भाई म्हणाला, “अब्बा बघू म्हणाले, म्हणजे त्यांच्या मनात न्हाय. त्यांच्या मनाविरुद्ध डोकं कसं फोडायचं?” अम्मी म्हणाली, “न्हाय म्हणायचं असतं तर न्हाय म्हणले असते. त्यांना मी आज बघतेय व्हय? त्यांचं न्हाय कसं असतंय ते मला म्हाईत हाय. थांबा थोडं.” दोघंही एका शब्दाचा अर्थ लावत होते, आयुष्यभर लावत आले होते तसा. आणि त्या शब्दाला आता अर्थच उरला नव्हता. तो शब्द नव्हता, लक्षण होतं. हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. ज्या भागानं हो म्हणायचं तोच गाठीखाली चेंगरला होता, आणि आम्ही त्यालाच जाऊन विचारत होतो, बाबा रे, तुला काढायची का गाठ.

मग मी का नाही बोलले? नवरा म्हणाला होता, “तू सही कर. तू शिकलेली आहेस, तुझं ऐकतील.” मी त्याला म्हणाले, “अब्बा समोर बसलेले असताना मी कशी ठरवू?” मी त्याला हेही सांगितलं की उन्हाळ्यात जखम चिघळते. मग पावसाळ्यात जंतुसंसर्गाची भीती असते असं सांगितलं. मग शाळेची सहामाही होती. कारणं भरपूर होती आणि एकेक अगदी शहाण्या माणसाचं होतं. मी आधीच ठरवलेलं होतं, की मी ठरवणार नाही, आणि कारणं मागनं येत होती. अब्बांना निदान मागनं सांगायची गरज पडली नव्हती, कारण त्यांचं बरोबर असायचं.

दर रविवारी मी दोन एसट्या बदलून जायची, त्यांच्यासमोर बसायची आणि विचारायची, “अब्बा, पुण्याला जायचं का?”

“बघू.”

“तुम्हाला भीती वाटते का?”

“न्हाय.”

तेवढं खरं होतं. त्यांना भीती वाटत नव्हती. भीती वाटायलाही मेंदूचा काहीतरी शाबूत भाग लागतो. मला वाटत होती, आणि मी तिला अब्बांच्या मनाचा मान असं नाव दिलं होतं.

दिवाळीच्या आधी अम्मीच्या लक्षात आलं की ताटातल्या डाव्या बाजूचं अब्बा खातच नाहीत. ताट फिरवलं की खात. त्यांना डाव्या बाजूचं दिसेनासं झालं होतं. तेव्हा मग एका दिवसात सगळं ठरलं. कुणीही कुणाला विचारलं नाही. पुण्याच्या दवाखान्यात कागद पुढं आला आणि मी सही केली. पाच महिने जी सही जड वाटत होती ती एवढीशीच होती.

गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, सगळी निघाली. आम्ही पेढे आणले. आठ दिवस गेले, महिना गेला, तीन महिने गेले. अब्बा उठवलं की उठायचे, बसवलं की बसायचे. तपासणीला गेलो तेव्हा नवीन फोटोत गाठीच्या जागी काळी पोकळी होती, आणि तिच्या कडेचा भाग सुकून गेल्यासारखा दिसत होता. मी डॉक्टरांना विचारलं, “आम्ही मे महिन्यात आलो असतो तर?”

ते फाइल चाळत राहिले. मग म्हणाले, “असं सांगता येत नाही, मॅडम.” पण फाइल चाळायला त्यांना लागला तो वेळ मला पुरेसा होता. मीही वर्गात पालकांपुढं उत्तरपत्रिका अशाच चाळते.

आता दोन वर्षं झाली. अब्बांना सगळं आठवतं. माझ्या नवऱ्याचं गाव, गेलेल्या गाईचा रंग, कुणाची म्हैस कांद्याची पात खायची, सगळं. विचारलं तर सांगतात. न विचारता गेल्या दोन वर्षांत त्यांनी एकही शब्द उच्चारलेला नाही. अम्मी सकाळी त्यांना दारात खुर्चीवर बसवते आणि ऊन आलं की उठवते. आता ती उन्हाकडं बघूनच दिवसभराची कामं करते. तिच्या गुडघ्यांनी दावा मांडलाय, आणि तिच्यामागं हे कोण करणार, यावर आमच्या घरात अजून काही ठरलेलं नाही. भाई म्हणतो, बघू.

मध्ये डेअरीचे दोन संचालक केळी घेऊन आले होते. “चेअरमन चाचाच,” ते म्हणाले. “जागा तुमचीच हाय. पुढच्या टायमालाबी बिनविरोध.” ते मनापासून म्हणत होते. भाईला बरं वाटलं. अब्बांच्या हातात त्यांनी एक केळं दिलं आणि गेले, आणि मी चहाच्या कपबशा उचलून आत जाऊन मोरीत उगाच जोरात घासल्या. मला त्यांचा राग आला नव्हता. तेही माझ्याइतकेच शहाणे होते. बाहेर आले तर केळं तसंच हातात होतं.

मी शाळेत मेंदू अजून शिकवते. लाल खडू वापरत नाही. मुलांना सांगते, इथं माणूस ठरवतो, आणि पुढच्या भागाकडं वळते.

परवाच्या रविवारी गेले होते. अम्मी शेजारी लग्नाच्या सुपारीला गेली होती. दारात ऊन आलेलं, म्हणून अब्बा आत पलंगावर. मला वाटलं, दूध द्यावं. पातेल्यातलं पेल्यात ओतलं आणि त्यांच्या हातात दिलं, म्हणाले, “प्या.” ते प्यायला लागले. रात्रभर वीज नव्हती, फ्रीज बंद होता, हे मला ठाऊक नव्हतं. पण ते निमित्त झालं. खरी गोष्ट अशी की मी दुधाचा वास घेतला नाही. आमच्या घरात दुधाचा वास कुणीच घेत नाही. अम्मी नाही, भाई नाही, मी नाही. ते अब्बांचं काम होतं. ते असताना कुणाला शिकायची गरज पडली नाही, आणि ते गेल्यावर, म्हणजे असे गेल्यावर, कुणाच्या लक्षात आलं नाही.

पातेलं परत झाकायला गेले तेव्हा भपकारा आला. मी वळले. अब्बांचा पेला जवळजवळ रिकामा झाला होता. मिशीला फुटक्या दुधाच्या बारीक गुठळ्या चिकटल्या होत्या. तोंडावर काहीच नव्हतं, त्या फोटोतल्यासारखंच. झाकण खाली यायच्या आत ज्यांनी गावाचं दूध परत पाठवलं, ते माझ्या हातचं नासकं दूध तळापर्यंत प्यायले होते, मी प्या म्हणाले म्हणून.

“अब्बा,” मी म्हणाले, “दूध कसं होतं?”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, न्हाय. एकदाच म्हणा, अब्बा. मला झापा, पेला फेकून द्या.

“बघू,” ते म्हणाले, आणि रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावून तसाच धरून राहिले.

मी किती वेळ बघत उभी होते कुणास ठाऊक. मग म्हणाले, “ठेवा,” आणि त्यांनी पेला खाली ठेवला.